गतकाळचे थोर गोलंदाज

क्रिकेटच्या गप्पा रंगात आल्या, की एक वाद हटकून निघतो. जुन्या काळातला सर्वांत थोर खेळाडू कोण? फलंदाजांपुरता हा वाद फार लांबत नाही. कोणीतरी डोनाल्ड ब्रॅडमनचे नाव घेतो, कसोटी सामन्यांतली त्याची ९९.९४ ही सरासरी सांगतो, आणि मग विरुद्ध पक्षाला बोलायला फारशी जागा उरत नाही. गोलंदाजांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे असा एकही आकडा नाही, की जो पुढे ठेवताच सभा शांत व्हावी.

खुद्द ब्रॅडमनचेच उदाहरण घ्यावे. आपण पाहिलेल्या आणि ज्यांच्याविरुद्ध खेळलो त्या सर्व गोलंदाजांत ऑस्ट्रेलियाचा बिल ओरायली हा श्रेष्ठ, असे त्याचे मत होते. त्याआधीच्या पिढीला हा मान इंग्लंडच्या सिडनी बार्न्सला द्यावासा वाटे. नेव्हिल कार्डस या प्रसिद्ध क्रिकेट-लेखकाने या संदर्भातली एक गमतीची हकीकत सांगितली आहे. बार्न्स जे जे चेंडू टाकी, ते सर्व ओरायलीच्या भात्यात होते आणि त्यांखेरीज गुगलीही होता, म्हणून ओरायली श्रेष्ठ, असा ब्रॅडमनचा युक्तिवाद. कार्डसने तो वृद्ध बार्न्सच्या कानी घातला. बार्न्सने तो शांतपणे ऐकून घेतला आणि आपण गुगली कधी टाकला नाही हे कबूल केले. मात्र त्याची गरज कधी पडली नाही, एवढी पुस्ती जोडली. कार्डस गोष्ट रंगवून सांगणारा लेखक होता, हे ध्यानात ठेवले तरी या हकीकतीत वादाचे मर्म आले आहे. दोन गोलंदाज एकाच तराजूत घालायचे, तर तो तराजू कोणता?

हा विचार एका ठरावीक कालखंडापुरता केला, तर तो नेमका होईल. विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९३९ च्या महायुद्धापर्यंतचा काळ त्यासाठी सोयीचा आहे. या चाळीस वर्षांत गोलंदाजीच्या कलेला पुष्कळसे आजचे रूप आले. पण ज्या परिस्थितीत ती कला चाले, ती मात्र आजच्याहून फार वेगळी होती. खेळपट्टी सामान्यतः उघडी असे. पावसाने भिजून उन्हाने वाळू लागलेल्या खेळपट्टीवर साध्या फिरकी गोलंदाजाचाही चेंडू सापासारखा उसळे. उलट, कोरड्या आणि कसून रूळ फिरविलेल्या खेळपट्टीवर फलंदाज दोन-दोन दिवस हलत नसे. कोठे गवताऐवजी काथ्याची चटई अंथरलेली असे. नियमही निराळे होते. १९३१ पर्यंत यष्ट्यांची उंची २७ इंच आणि रुंदी ८ इंच होती. त्यानंतर ती अनुक्रमे २८ आणि ९ इंच झाली. ऑफ यष्टीच्या बाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवर फलंदाज पायचीत होऊ शकतो, हा नियम १९३५ मध्ये प्रथम प्रयोगादाखल आला. त्यापूर्वी फलंदाज अशा चेंडूसमोर खुशाल पाय आडवा घाली, आणि गोलंदाजाला हात चोळत बसावे लागे.

यांखेरीज आणखी एक गोष्ट आहे आणि ती धावपत्रकात दिसत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या दोन जाती होत्या: हौसेने खेळणारे ‘जंटलमन’ आणि पोटासाठी खेळणारे ‘प्लेअर’. त्यांची कपडे बदलण्याची जागा वेगळी, आणि कित्येक मैदानांवर आत येण्याचे दारही वेगळे. कर्णधारपद हौशी खेळाडूकडे जाई. डौलदार फलंदाजी ही सद्‌गृहस्थांची शोभा समजली जाई. दिवसभर घाम गाळीत चेंडू टाकण्याचे काम मुख्यतः व्यावसायिकांच्या वाट्याला येई. इंग्लंडच्या संघाला व्यावसायिक कर्णधार नियमितपणे मिळाला तो १९५२ मध्ये, लेन हटनच्या रूपाने. आणि हा भेद अधिकृतपणे संपला तो १९६२ मध्ये. म्हणजे ज्या काळाविषयी हा वाद आहे, त्या काळी गोलंदाजी ही बहुतांशी मोलमजुरी होती. मजुराने किती काम केले हे हिशेबात लिहिले जाते. त्याला काम किती आणि कोणत्या अटींवर मिळाले, हे क्वचितच लिहिले जाते. थोर गोलंदाज ठरवताना हा दुसरा हिशेबही मांडला पाहिजे.

प्रथम बार्न्स. त्याचा जन्म १८७३ चा. उंच अंगलट, लांब हात, मध्यम-जलद वेग. विशेष हा, की इतर जलद गोलंदाज चेंडू हवेत वळवीत किंवा टप्प्यावर शिवणीने कापीत. बार्न्स तो बोटांनी पिळून फिरवी. हवेत एकीकडे झुकलेला चेंडू टप्पा पडताच दुसरीकडे वळे, आणि तोही या वेगात. २७ कसोटी सामन्यांत त्याने १८९ बळी घेतले, सरासरी १६.४३. त्यांपैकी १०६ बळी ऑस्ट्रेलियाविरुद्धचे आहेत. १९११ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर पहिल्या कसोटीत हौशी कर्णधार डग्लस याने नवा चेंडू बार्न्सला न देता स्वतःच घेतला, आणि इंग्लंड तो सामना हरले. दुसऱ्या कसोटीत, मेलबर्नला, चेंडू बार्न्सच्या हाती आला. त्या सकाळी एका क्षणी त्याचा हिशेब असा होता: ११ षटके, ७ निर्धाव, ६ धावा, ५ बळी.

१९१३–१४ च्या हंगामात दक्षिण आफ्रिकेत तर त्याने केवळ चार कसोटी सामन्यांत ४९ बळी मिळविले. एका मालिकेत इतके बळी आजही दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. जोहान्सबर्गच्या एकाच सामन्यात त्याने १५९ धावांत १७ गडी बाद केले. हा विक्रम पुढे १९५६ मध्ये जिम लेकरने १९ बळी घेऊन मोडला. येथे प्रतिपक्ष उभा राहतो. हे सामने चटईवर झाले आणि चटईवर बार्न्सचा चेंडू हवा तसा वळे, असे तो म्हणतो. आक्षेप रास्त आहे. पण त्याच चटईवर दुसरेही गोलंदाज होते, त्यांना ४९ बळी मिळाले नाहीत. आणि त्याच चटईवर, त्याच बार्न्ससमोर, दक्षिण आफ्रिकेच्या हर्बी टेलरने मालिकेत पाचशेहून अधिक धावा काढल्या. तेव्हा चटईने बार्न्सला साहाय्य केले खरे, पण बार्न्स चटईने घडविला नव्हता.

मग त्या मालिकेत चारच सामने का? पाचव्या सामन्यापूर्वी आयोजकांशी मतभेद झाला आणि बार्न्स खेळलाच नाही. हा माणूस आपल्या श्रमाचा मोबदला चोख मागणारा होता. कौंटी क्रिकेटपेक्षा लीगच्या सामन्यांत बरे पैसे मिळतात, म्हणून त्याने जन्मभर लीगची वाट धरली; ‘तऱ्हेवाईक’ अशी त्याची अपकीर्ती झाली आणि कित्येक कसोटी सामन्यांत त्याची निवड झाली नाही. तरीही १९२९ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध त्याने एका डावात ४१ धावांत ८ बळी घेतले. ज्याला ‘तऱ्हेवाईक’ म्हटले गेले, तो आपल्या कलेशी किती इमानी होता, हे यावरून कळावे.

वेगाच्या बाबतीत त्या काळात हॅरल्ड लारवुडचे नाव अग्रभागी आहे. नॉटिंगहॅमशायरच्या कोळशाच्या खाणीत काम करून तो क्रिकेटमध्ये आला. १९३० मध्ये ब्रॅडमनने एका मालिकेत ९७४ धावा काढल्या, तेव्हा हाच लारवुड निष्प्रभ ठरला होता. दोनच वर्षांनी, १९३२–३३ मध्ये, त्याने पाच कसोटींत ३३ बळी घेतले, आणि ब्रॅडमनची त्या मालिकेतली सरासरी ५६ वर आली. मध्यंतरी काय झाले? कर्णधार डग्लस जार्डिन याने योजना आखली. हा जार्डिन जन्माने मुंबईचा. वृत्तीने मात्र इंग्लंडचा पक्का सद्‌गृहस्थ. लेगच्या बाजूस क्षेत्ररक्षकांचे कडे उभारायचे आणि फलंदाजाच्या अंगावर उसळणारे जलद चेंडू टाकायचे, अशी ती योजना होती. त्यावरून दोन देशांत वितुष्ट आले. योजना कर्णधाराची, तिची अंमलबजावणी लारवुडची. परंतु पुढे माफी मागण्याचा प्रसंग आला तो लारवुडवर. कर्णधाराच्या आज्ञेप्रमाणे टाकलेल्या चेंडूंबद्दल माफी मागण्यास त्याने नकार दिला, आणि इंग्लंडकडून तो पुन्हा कधीही खेळला नाही. १९५० मध्ये तो स्थायिक झाला तो ऑस्ट्रेलियातच. ज्या लोकांनी त्याला शिव्याशाप दिले होते, त्यांनीच त्याला आपलेसे केले. लारवुडच्या ७८ कसोटी बळींकडे पाहताना हे विसरता येत नाही, की त्याचा शेवटचा कसोटी सामना अठ्ठाविसाव्या वर्षीच झाला.

आता ओरायली. पेशाने शिक्षक, अंगाने धिप्पाड, आणि हातात चेंडू आला की फलंदाजाचा वैरी. लेगब्रेक टाकणारे गोलंदाज सामान्यतः चेंडूला उंची देऊन फलंदाजाला मोहात पाडतात; ओरायलीचा लेगब्रेक वेगाने येई आणि त्याचा गुगली टप्पा पडून अंगावर उसळे. २७ सामन्यांत १४४ बळी, सरासरी २२.५९. आकड्यांनी पाहिले तर बार्न्स पुष्कळ पुढे. पण ओरायलीचा काळ हा निर्जीव खेळपट्ट्यांचा आणि धावांच्या डोंगरांचा होता. १९३८ मध्ये ओव्हलच्या मैदानावर इंग्लंडने ७ बाद ९०३ धावा केल्या आणि हटनने एकट्याने ३६४ काढल्या. त्या डावात ओरायलीने ८५ षटकांत १७८ धावा देऊन ३ बळी घेतले. वरवर पाहता ही कामगिरी सामान्य वाटते. परंतु त्याच खेळपट्टीवर त्याचा सहकारी फ्लीटवुड-स्मिथ याने ८७ षटकांत २९८ धावा दिल्या आणि एकच बळी मिळविला. हे दोन हिशेब शेजारी ठेवले, म्हणजे त्या तीन बळींची किंमत समजते. गोलंदाजाची थोरवी पुष्कळदा त्याने घेतलेल्या बळींपेक्षा त्याने न दिलेल्या धावांत असते.

मंदगती डावखुऱ्या गोलंदाजांत इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्याची परंपरा मोठी. तिचा मुकुटमणी विल्फ्रेड ऱ्होड्स, जन्म १८७७ चा. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याने चार हजारांहून अधिक बळी घेतले. तेथे त्याच्या जवळपासही कोणी नाही. १९०२ मध्ये एजबॅस्टनला ऑस्ट्रेलियाचा सगळा डाव ३६ धावांत कोसळला, तेव्हा ऱ्होड्सने १७ धावांत ७ गडी बाद केले होते. त्याची पहिली कसोटी १८९९ ची आणि शेवटची १९३० ची, वयाच्या ५२ व्या वर्षी. त्याच्यामागून आलेला हेडली व्हेरिटी याने १९३२ मध्ये एका डावात अवघ्या १० धावांत दहाही गडी टिपले. १९४३ मध्ये महायुद्धात जखमी होऊन इटलीत त्याचा अंत झाला नसता, तर त्याचा हिशेब कोठवर गेला असता, हे कोण सांगणार?

व्हेरिटीने १९३४ मध्ये मद्रासच्या कसोटीत भारताचे ११ गडी बाद केले होते. त्याच सामन्यात अमर सिंगने ८६ धावांत इंग्लंडचे ७ गडी बाद केले. या नावाबरोबर वाद आपल्या देशात येतो. १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्‌सवर सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली भारत आपली पहिली कसोटी खेळला. इंग्लंडकडून सलामीला उतरले होम्स आणि सटक्लिफ. जेमतेम दहा दिवसांपूर्वी याच जोडीने यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची सलामी केली होती. महंमद निसारने त्या दोघांच्याही यष्ट्या उडविल्या, आणि थोड्याच वेळात इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. निसारचा वेग आणि अमर सिंगची अचूकता ही जोडी त्या काळच्या कोणत्याही संघाला भूषण ठरली असती. पण महायुद्धापूर्वी भारताच्या वाट्याला कसोटी सामने आले एकूण सात. अमर सिंग सातही खेळला, निसार सहा. १९४० मध्ये अमर सिंग वयाच्या २९ व्या वर्षी वारला. २८ आणि २५ बळी, एवढीच त्या दोघांची कसोटीतली नोंद.

ज्याला सात सामने मिळाले त्याच्याविषयी निदान वाद तरी घालता येतो. ज्याला एकही मिळाला नाही, त्याचे काय?

ऱ्होड्सच्या जन्माच्या सुमारासच, १८७५–७६ मध्ये, धारवाडला एका चर्मकार कुटुंबात बाळू पालवणकरचा जन्म झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे; वडील लष्करात नोकरीला. पुण्यात एका पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या आणि रूळ फिरविण्याच्या कामावर तो दरमहा तीन रुपयांवर लागला. पुढे गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात त्याला चार रुपये मिळू लागले. तेथे सरावाच्या जाळ्यात तो साहेबांना चेंडू टाकी. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नामांकित फलंदाज. बाळू आपल्याला बाद करील त्या प्रत्येक वेळी तो त्याला आठ आणे देई, असे सांगतात. चेंडू टाकण्यासाठी बाळूला रोज बोलावणे येई. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. गोलंदाजी ही मजुरी समजली जाई, याचे याहून बोलके उदाहरण इंग्लंडातही सापडणार नाही.

त्या जाळ्यात तासन्‌तास चेंडू टाकून टाकून त्याच्या डाव्या हातात एक विलक्षण कला आली. चेंडू दोन्ही बाजूंना वळे, उंची आणि वेग क्षणोक्षणी बदलत, आणि टप्पा हलत नसे. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांना हरवायचे होते, आणि त्यासाठी बाळू हवा होता. पुष्कळ वादानंतर तो संघात आला. मैदानावर सवर्ण खेळाडूंनी त्याच चेंडूला हात लावला. परंतु चहाच्या सुटीत बाळूला चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

पुढे तो मुंबईस गेला. १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबई इलाख्याच्या युरोपियन संघाला १०९ धावांनी हरविले, त्या विजयात बाळूच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. बाळूचा धाकटा भाऊ शिवरामही त्या संघात होता. संघ म्हणून दौरा पराभवांचा ठरला. तरुण महाराज राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतलेले, आणि सामन्यांमागून सामने गेले. त्या पडत्या संघातून बाळूने सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्या वेळी त्याचे वय पस्तिशीचे होते. इंग्लंडची हवा, ओल्या खेळपट्ट्या, अनोळखी फलंदाज, सारे त्याला प्रथमच भेटत होते. त्याला ‘भारताचा ऱ्होड्स’ म्हणत. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्याने १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. हे आकडे थोडे आहेत. पण जेवढे आहेत तेवढ्यात एकही उणेपणा दाखविता येत नाही.

संघातला सर्वांत अनुभवी आणि श्रेष्ठ गोलंदाज असूनही कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी या प्रश्नाने उघड रूप घेतले. विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला, आणि थोरल्या भावाच्या वाट्याला न आलेला न्याय धाकट्याच्या रूपाने घरात आला.

१९३२ च्या जूनमध्ये निसार लॉर्ड्‌सवर यष्ट्या उडवीत होता, तेव्हा बाळूचे वय ५६ च्या आसपास होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पुणे करार झाला. त्यावर ज्यांनी सह्या केल्या, त्यांत डॉ. आंबेडकरांबरोबर पालवणकर यांचीही सही आहे. ज्या पुण्यात चार रुपयांवर रूळ ओढला, त्याच पुण्याच्या नावाच्या करारावर त्यांनी आपले नाव लिहिले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता मूळ वादाकडे वळावे. पुराव्याने निकाल द्यायचा, तर त्या चाळीस वर्षांतला पहिला मान बार्न्सलाच द्यावा लागेल. चटई, गवत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, तारुण्य आणि वार्धक्य, या सर्वांत त्याचा चेंडू तितकाच भेदक राहिला. ओरायली त्याच्या लगोलग येतो. आणि खेळपट्ट्यांचा विचार करून कोणी त्याला पुढे बसविले, तर त्याच्याशी भांडण करण्याचे कारण नाही. मंदगती गोलंदाजांत ऱ्होड्सचा अधिकार निर्विवाद आहे.

पण निकालपत्रात एक नोंद अवश्य असावी. न्यायाधीशाने पुराव्याबाहेर जाऊ नये हे खरे. तथापि एखाद्या पक्षाचा पुरावा उभाच का राहिला नाही, हे लिहून ठेवण्याचे कर्तव्यही त्याचेच असते. ऱ्होड्सला ५८ कसोटी सामने मिळाले, त्याच्याच वयाच्या, त्याच जातीची गोलंदाजी करणाऱ्या बाळूला एकही नाही. म्हणून बाळू ऱ्होड्सपेक्षा श्रेष्ठ होता, असे म्हणता येत नाही. आणि ऱ्होड्स बाळूपेक्षा श्रेष्ठ होता, हेही ठामपणे म्हणता येत नाही. यापुढे गतकाळच्या गोलंदाजांचा वाद कोठे निघाला आणि कोणी आकड्यांची यादी वाचू लागला, तर ती पुरती ऐकून घ्यावी. आणि मग, यादी संपल्यावर, पुण्याच्या जाळ्यात साहेबाला चेंडू टाकणाऱ्या त्या डावखुऱ्या पोराचे नावही कोणीतरी घ्यावे.